मत्तय परिणाम, चर्चचा टॅलेंट शो आणि शून्य नंबरचं गाणं

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये 'मॅथ्यू इफेक्ट' तुम्हाला भेटणारच. मराठीत आपण त्याला मत्तय परिणाम म्हणू. साधारण असं शिकवतात: ज्या शास्त्रज्ञाचं आधीच नाव झालंय त्याच्या कामाला जास्त श्रेय मिळतं, आणि तितकंच चांगलं काम करणारा अनोळखी माणूस मागे राहतो. एका स्लाइडवर व्याख्या, खाली 'मर्टन, १९६८', की झाली पुढची स्लाइड. मला मात्र ही कल्पना नीट कळली ती चर्चच्या टॅलेंट शोमध्ये सूत्रसंचालन करताना. त्यामुळे आज शोधनिबंधांबरोबर त्या शोचीही चिरफाड करायची आहे. कुठल्या एका चर्चच्या शोची नाही, त्या प्रकाराचीच. आणि हे दोन विषय मी ओढूनताणून जवळ आणत नाहीये. दोन्ही मुळात एकाच पानावरचे आहेत.

ते पान म्हणजे मत्तयकृत शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय. गोष्ट अशी. एक धनी परदेशी जाताना आपल्या तीन दासांकडे पैसा सोपवतो. एकाला पाच तालांत, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा घाबरतो आणि आपला तालांत जमिनीत पुरून ठेवतो. तालांत हे खरं तर वजन, आणि तेवढ्या वजनाच्या चांदीची किंमत. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. याच शुभवर्तमानातल्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीत मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार आहे. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर एक तालांत म्हणजे वीस वर्षांची कमाई! म्हणजे ज्याला 'एकच' मिळाला तोही काही रिकाम्या हाताने उभा नव्हता. इंग्रजीतला 'टॅलेंट' हा शब्द याच गोष्टीमुळे पैशावरून अंगच्या गुणावर सरकला. तोच फिरून आपल्याकडे बॅनरवर आला, बाजूला सोनेरी माइकचं चित्र घेऊन.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९६८ साली 'सायन्स' या नियतकालिकात जो लेख लिहिला, त्यातल्या परिणामाचं नाव याच गोष्टीच्या शेवटाकडच्या, एकोणतिसाव्या वचनावरून घेतलं. ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी दिलं जाईल, आणि ज्याच्याजवळ नाही त्याच्याजवळचं असेल तेही काढून घेतलं जाईल, असा त्याचा आशय. जाता जाता एक गंमत, किंवा गंमत नाहीच ही: त्या लेखाचा बराच आधार हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल विजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखती होत्या. लेखावर नाव एकट्या मर्टनचं. तो दोघांच्या नावावर यायला हवा होता हे मर्टनने नंतर स्वतःच मान्य केलं. पुढे मार्गारेट रॉसिटर यांनी स्त्री शास्त्रज्ञांच्या बाबतीत हेच कसं घडतं ते १९९३ मध्ये दाखवलं आणि त्याला 'माटिल्डा परिणाम' म्हटलं.

आता गोष्टीतली एक बारीक जागा बघा. पाचाचे दहा करणाऱ्याला धनी शाबासकी देतो. दोनाचे चार करणाऱ्यालाही देतो. ही दोन वचनं, एकविसावं आणि तेविसावं, शेजारी ठेवून वाचा. शाबासकी शब्दाला शब्द तीच आहे. पहिला नंबर, दुसरा नंबर असं काही नाही. म्हणजे एकाच गोष्टीत दोन्ही गोष्टी आहेत: सारखी शाबासकीही, आणि ज्याच्याजवळ आहे त्यालाच आणखी देणंही. आमच्या टॅलेंट शोने यातलं दुसरं तेवढं उचललं, आणि तेही नकळत.

मी वसईची. इथली बहुतेक कॅथलिक चर्चेस मराठीत चालतात. मिस्सा मराठीत, गायनही मराठीत. नाताळच्या आगेमागे किंवा धर्मग्रामाच्या सणाला पॅरिश हॉलमध्ये कार्यक्रम होतात, आणि त्यात टॅलेंट शो आता पक्का बसलाय. आधी काय असायचं? मोठी माणसं सांगतात ते असं: नाटुकली, समूहगीत, कुणी पेटी घेऊन बसायचं, मुलं पाठ केलेलं म्हणून दाखवायची. मग सगळ्यांना खाऊ. मार्क नसायचे. मार्क आले टीव्हीवरून. 'इंडियन आयडॉल', 'सा रे ग म प', त्यातले 'लिटिल चॅम्प्स' पाहून आमच्या हॉलमध्येही तीन खुर्च्या आल्या, त्यांवर परीक्षक आले, प्रत्येक आयटमनंतर 'कॉमेंट' आली. टीव्हीवरच्या स्पर्धक मुलीला उद्या परत त्याच परीक्षकाच्या शेजारी बाकावर बसायचं नसतं. आमच्याकडे रविवारी बसायचं असतं. एवढा फरक मात्र कुणी लक्षात घेतला नाही.

नुसतं नावं ठेवायला मी बसलेली नाही. शाळेत तोंड न उघडणारी मुलं या शोमुळे तीनशे माणसांसमोर उभी राहतात. युथ ग्रुपची पोरं आठवडाभर राबून लाइट लावतात, ट्रॅक जमवतात. हे मोठं काम आहे. माझी तक्रार मोजण्याबद्दल आहे, आणि ज्याच्या हातात माइक असतो त्याच्याबद्दल.

मोजण्यापासून सुरुवात करू. परीक्षकांना एक कागद मिळतो: सूर १०, ताल १०, उच्चार १०, सादरीकरण १०. आता तुमच्यापैकी ज्यांनी यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर वापरलाय त्यांनी आठवून पाहा. मशीन चालू केलं की लगेच नमुना ठेवता का? दिवा तापू देता, ब्लँक ठेवता, बेसलाइन घेता. नमुन्यांचा क्रमही उलटसुलट करता, म्हणजे दिवसभरात यंत्र हळूहळू सरकलं तरी त्याचा दोष एकाच गटाच्या माथी येत नाही. परीक्षकाचंही असंच यंत्र असतं, आणि ते पहिल्या नंबरावर तापत असतं. पहिली मुलगी गाते. छान गाते. परीक्षक मनात म्हणतो, अजून तेरा जण यायचेत, आत्ताच नऊ दिले तर पुढे देऊ काय? सहा देतो. सातव्या नंबरापर्यंत त्याची पट्टी ठरते. तोवर पहिलीचे सहा शाईत लिहून झालेले असतात.

ही माझी कल्पना नाही, यावर चांगलं काम झालंय. ब्रसेल्समध्ये क्वीन एलिझाबेथ नावाची संगीत स्पर्धा होते, जगातल्या मोठ्या स्पर्धांपैकी एक. तिच्या पियानो स्पर्धांचा व्हिक्टर गिन्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. अंतिम फेरीत बारा जण, रोज संध्याकाळी दोन, असे सहा दिवस, आणि कोण कधी वाजवणार हे चिठ्ठी टाकून ठरतं. पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांचा क्रमांक खाली जाण्याकडे कल दिसला. जगातले नाणावलेले परीक्षक, आणि तरी. युरोव्हिजन गाण्यांच्या स्पर्धेत आणि फिगर स्केटिंगमध्येही नंतर येणाऱ्यांना जास्त गुण मिळतात, असं वँडी ब्रुइन दे ब्रुइन यांनी २००५ मध्ये दाखवलं.

पण खरी गोम पुढे आहे, आणि संशोधनाच्या तयारीत असाल तर इथे थांबून वाचा. गिन्सबर्ग आणि यान व्हॅन ऊर्स यांनी २००३ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये पुढचा प्रश्न विचारला: स्पर्धेत वरचा नंबर आला म्हणून कारकीर्द चांगली होते, की मुळात माणूस गुणी असतो म्हणून नंबरही येतो आणि कारकीर्दही होते? साध्या सहसंबंधाने हे सुटत नाही, कारण गुण दोन्हींच्या मागे लपून बसलेला असतो. त्यांनी चिठ्ठीचा उपयोग केला. चिठ्ठी नंबरावर परिणाम करते, पण चिठ्ठीमुळे कुणी जास्त गुणी होत नाही. म्हणजे नंबरातला जो भाग निव्वळ चिठ्ठीने आला, तेवढाच भाग घेऊन बघायचं की तो पुढच्या यशाशी जोडलेला आहे का. जोडलेला निघाला. नंबर स्वतःच काम करतो, मागे गुण असो वा नसो. या युक्तीला 'इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल' म्हणतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ती दोन पानं भरून समीकरणांत असते, आत ही अशी एक चिठ्ठी असते.

आता हे पॅरिश हॉलमध्ये आणा. इथे चिठ्ठीच नसते! क्रम सूत्रसंचालक आणि आयोजक मिळून लावतात. कसा लावतात, मी त्या टेबलाला बसलेली आहे. 'लहान पोरं आधी घ्या, नाहीतर झोपतील.' 'तो नवीन मुलगा आहे ना, त्याला सुरुवातीलाच उरकून टाका.' 'हिचं गाणं शेवटी ठेवा, तोवर लोक उठणार नाहीत.' म्हणजे ज्यांच्याबद्दल आधीच चांगलं मत आहे ते शेवटी, आणि शेवटी येण्याचा फायदाही त्यांनाच. नवखा पहिल्या नंबरावर, यंत्र तापत असताना. ब्रसेल्समध्ये निदान क्रम आणि गुण वेगळे काढता आले. आमच्याकडे दोन्ही असे गुंतलेत की निकाल कशामुळे लागला ते कधीच सांगता येणार नाही. 'कन्फाउंडिंग' म्हणजे काय असं मुलाखतीत विचारलं तर हे उदाहरण बेलाशक द्या.

बरं, एवढ्याने काय बिघडतं? बक्षीस म्हणजे एक ट्रॉफी आणि पाकीट. असं मला अनेकांनी सांगितलंय, आणि ट्रॉफीपुरतं ते खरं आहे. पण ट्रॉफीनंतर काय होतं ते बघा. नाताळच्या मिस्सेत प्रतिसाद स्तोत्र कोण गाणार? 'ती जिंकलेली मुलगी आहे ना, तिला सांगा.' कॅरोल ग्रुपमध्ये सोलो? तीच. ती वर्षभर सराव करते, माइकला सरावते, पुढच्या वर्षी खरोखरच जास्त चांगली गाते. मग परीक्षक म्हणतात, बघा, आम्ही बरोबरच होतो. आणि पहिल्या नंबरावर सहा मिळालेला? मी एक मुलगा पाहिलाय, सलग दोन वर्षं सुरुवातीलाच गायलेला. आवाज स्वच्छ, थोडा घाबरट. तिसऱ्या वर्षी त्याने नाव दिलं नाही, आता तो साउंडच्या टेबलामागे वायरी गुंडाळत असतो. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. त्याला वायरींचीच आवड असेल. पण मर्टनचा लेख वाचताना मला झुकरमनच्या जोडीने हा मुलगाही आठवतो.

आता सूत्रसंचालनाकडे येते. आमच्याकडची ही कला सध्या तीन वाक्यांवर उभी आहे: 'आता आपल्यासमोर येत आहेत', 'जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत' आणि 'आवाज येत नाहीये'. पहिली दोन निरुपयोगी आहेत, तिसरं उपद्रवी. त्याहून वाईट म्हणजे ओळख. 'यांना तर आपण सगळेच ओळखतो, दोनदा विजेत्या!' असं एकीबद्दल. दुसऱ्याबद्दल, 'पहिल्यांदाच गातोय, सांभाळून घ्या.' दयेने म्हटलेलं हे वाक्य मुलाला सर्वांत महागात पडतं. तोंड उघडायच्या आत त्याला सांभाळून घेण्याच्या खात्यात टाकलेलं असतं.

कॅरोलिन क्रोगर आणि एलिझाबेथ मार्ग्युलिस यांनी २०१७ मध्ये नेमकं हेच तपासलं. श्रोत्यांना पियानोवादनाच्या जोड्या ऐकवल्या, आणि एक वादन जगप्रसिद्ध व्यावसायिकाचं, दुसरं विद्यार्थ्याचं असं सांगितलं. सांगितलेल्या ओळखीने लोकांचा कल हलला. याच मार्ग्युलिसबाईंचा २०१० चा आणखी एक प्रयोग सूत्रसंचालकांनी खिशात ठेवावा: बेथोव्हेनच्या रचनांचे तुकडे ऐकवण्याआधी त्यांचं शब्दांत वर्णन वाचायला दिलं, तर ऐकण्यातली मजा कमीच झाली. म्हणजे 'हे गीत आपल्या डोळ्यांत अश्रू आणल्याशिवाय राहणार नाही' असं आधी सांगणं दोन्हीकडून तोट्याचं.

मग सूत्रसंचालकाने गप्प राहायचं का? नाही. मराठीत बोलणं आणि गाणं एकमेकांत विणण्याची मोठी परंपरा आहे, ती म्हणजे कीर्तन. कीर्तनात निवेदक वेगळा आणि गायक वेगळा असा प्रकारच नाही. पूर्वरंगात विषय मांडायचा, उत्तररंगात आख्यान लावायचं, मधे पद. बोलणं पदापाशी आणून सोडतं. ही चाल मराठी ख्रिस्ती मंडळींनीही उचलली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात, कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनं रचली आणि केली. पुढे नारायण वामन टिळक आले, त्यांची भजनं आजही 'उपासना संगीत'मधून गायली जातात. कीर्तनकार श्रोत्याला काय ऐकायचं ते दाखवतो, किती चांगलं आहे ते सांगत बसत नाही. सूत्रसंचालकाने एवढंच उचललं तरी पुष्कळ. 'हे गाणं तिच्या आजीने तिला शिकवलं. दुसऱ्या कडव्यात चाल बदलते, तिकडे लक्ष द्या.' या वाक्याने मार्क वाढत नाहीत आणि कमीही होत नाहीत. कान मात्र जागे होतात.

'उच्चार १०' या रकान्याबद्दल बोलायलाच हवं. वसईच्या आमच्या भागात कितीतरी घरांत कादोडी बोलतात. स्टेजवर चढताना मूल ती खाली ठेवून येतं. कादोडी नाटुकल्याला हॉलमध्ये सर्वांत मोठा हशा मिळतो, पण तो विनोदी आयटम असतो म्हणून. कादोडीत गंभीर काही म्हणायला कुणी उभं राहिलं तर त्या रकान्यात परीक्षक काय लिहील? 'शुद्ध' कशाला म्हणायचं हे कागदावर कुठेच नसतं. घरी प्रमाण मराठी किंवा इंग्रजी असलेल्या मुलाला इथे दोन-तीन मार्क बसल्या जागी मिळतात. हॉलमध्ये हशा पिकवणाऱ्या भाषेला कागदावर जागा नाही, हा मला या शोमधला सगळ्यात बोचणारा भाग वाटतो. क्रमाचा प्रश्न चिठ्ठीने सुटेल. हा चिठ्ठीने सुटणारा नाही.

'सादरीकरण १०' या रकान्यात जॅकेट आणि लेहंगे येतात. तिथे तुम्हाला कुणीतरी हमखास चिया-जुंग त्साय यांचा २०१३ चा पीएनएएसमधला निबंध ऐकवेल: स्पर्धेतले तीन अंतिम स्पर्धक दाखवले, आणि आवाज बंद करून नुसता व्हिडिओ पाहणाऱ्यांनी विजेता जास्त वेळा ओळखला, नुसता आवाज ऐकणाऱ्यांनी नाही. ऐकताच पटतं, म्हणूनच सावध राहा. २०१८ मध्ये सॅम्युएल मेहर आणि सहकाऱ्यांनी प्रयोग पुन्हा केला. मूळ क्लिप्सवर निष्कर्ष तसाच आला, पण क्लिप्स बदलल्यावर डळमळला. त्यांच्या शीर्षकातच म्हटलंय की परिणाम पुन्हा मिळतो, पण त्याचा अर्थ लावायला मर्यादा आहेत. अंतिम फेरीतले तिघे जवळजवळ सारखेच वाजवत असतात, तिथे कानाला फरक सापडणं अवघडच. आमच्या शोमध्ये एक सुरात गातो आणि एक ट्रॅकच्या अर्धा ताल पुढे पळतो. तिथे कान पुरेसे असतात. गाजलेला निबंध वाचलात की नंतर त्याची पुनरावृत्ती कुणी केली का ते शोधायची सवय आत्ताच लावून घ्या.

मोठ्या ऑर्केस्ट्रांमध्ये निवडीच्या वेळी वादकापुढे पडदा लावतात, तसं का करत नाही, असं एकाने मला विचारलं होतं. पडदा लावा की! पहिली ओळ संपायच्या आत अख्ख्या हॉलला कळतं की ही कोणाची मुलगी, कोणत्या आळीतली.

आता राहिलं ते सूत्रसंचालकाने स्वतः गाण्याचं. लहान चर्चमध्ये हे होतंच. ज्याला चार माणसांत बोलता येतं त्यालाच बहुधा गाताही येतं, दोन्ही कामं त्याच्याच गळ्यात पडतात. मग कार्यक्रमाच्या मध्यावर तो म्हणतो, 'आता तुमच्या आग्रहाखातर मीही एक...' आग्रह कुणी केलेला नसतो. तो गातो, चांगला गातो, हॉल डोक्यावर घेतो. पुढचा नंबर नववीतल्या मुलीचा असतो. स्पर्धेबाहेरचं गाणं आहे म्हणून त्याला मार्क नसतात, पण परीक्षकाची पट्टी तो हलवून गेलेला असतो. तुम्ही लवकरच परिषदांना जाल, तिथेही हे पाहाल. सत्राचे अध्यक्ष आपल्या शोधनिबंधाबद्दल पंधरा मिनिटं बोलतात, आणि घड्याळ दाखवलं जातं ते शेवटच्या विद्यार्थिनीला.

यावर आम्ही गेल्या दोन शोमध्ये एक साधा उपाय केला. स्पेक्ट्रोफोटोमीटरवरूनच सुचला. सूत्रसंचालकाचं गाणं सर्वांत आधी, स्पर्धा सुरू व्हायच्या अगोदर. आम्ही त्याला 'शून्य नंबर' म्हणतो. मी गाते, बरोबर दोघी-तिघी. सगळ्यांना येणारं साधं गाणं, हॉलही म्हणू शकेल असं. हे आमचं ब्लँक. साउंडवाला माइक जुळवतो, कीबोर्डवाल्याला मॉनिटर ऐकू येतो की नाही ते कळतं, उशिरा येणारे बसून घेतात, आणि परीक्षक त्या गाण्याला कच्च्या कागदावर मार्क देऊन आपसात पट्टी जुळवतात. तो कागद फाडून टाकायचा. गाणं फार चांगलं होता कामा नये ही अट आहे, आणि ती मला विशेष प्रयत्न न करता पाळता येते. दुसरं, क्रमाच्या चिठ्ठ्या हॉलसमोर काढायच्या, लहान मुलांचा गट वेगळा करून. एका आयोजकांचा याला विरोध होता, शेवटी भारी आयटम नसेल तर लोक उठून जातील म्हणून. काही उठले. जेवण शेवटी ठेवल्यावर थांबले.

नंबरांचं अजून ठरत नाहीये. मी म्हणते पहिला-दुसरा काढून टाका; बाकीचे म्हणतात बक्षीस नसेल तर नावं येणार नाहीत. त्यांचं म्हणणं चूक आहे असं ठामपणे म्हणायला माझ्याकडे काही नाही. निदान प्रतिसाद स्तोत्र गाणाऱ्यांची यादी बक्षिसांच्या यादीवरून करू नका, एवढं मागणं मी लावून धरलंय. ते अर्धं मान्य झालंय.

तुमच्या चर्चमध्ये, गणेशोत्सवात, कॉलेजच्या गॅदरिंगला असा शो होत असेल, तर संशोधनाचा सराव म्हणून एक काम करता येईल. परीक्षकांच्या शीट्स खुर्च्या उचलताना केरात जातात. त्या ठेवा. चौदा आयटम, तीन परीक्षक, एक संध्याकाळ. एवढ्यावर कुठलीही चाचणी लावू नका, काहीही निघेल आणि कशालाच अर्थ नसेल. पाच वर्षांच्या शीट्स साठवा. शेजारी दोन रकाने वाढवा: क्रम कसा ठरला, आणि पुढच्या वर्षी हे मूल परत आलं का. दुसरा रकाना भरायला कंटाळा येतो, कारण जे आले नाहीत त्यांच्याकडे मुद्दाम जाऊन विचारावं लागतं. नावांऐवजी कोड लिहा. आणि ही मुलं आहेत, त्यामुळे आई-वडिलांना विचारल्याशिवाय त्या कागदांना डेटा म्हणू नका.